समुद्र, ऊन आणि नागपूर: खारं पाणी गोडं करायला किती ऊन लागतं?

सीताबर्डीकर

मंडळी, आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सध्या एक संदेश फिरतोय. भारताला एवढा मोठा समुद्रकिनारा, ऊन फुकट, मग समुद्राचं पाणी उन्हावर गोडं करून नळाने विदर्भात का आणत नाहीत? खाली ठरलेलं वाक्य: ‘इच्छाशक्ती नाही.’ बाहेर ४५ अंश असताना, कूलरसमोर बसून वाचलं की कोणालाही पटेल. माझी सगळी नोकरी वीज खात्यात गेली, त्यामुळे कोणी ‘फुकट ऊर्जा’ म्हटलं की हात आपोआप कागदाकडे जातो. हिशेब मांडतो. खोडता आला तर खोडा.

आधी संदेशातली कल्पना, म्हणजे पाणी उन्हाने वाफवायचं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट उष्णता लागते. पाणी तापवायचा खर्च वेगळा. नागपुरात वर्षाची सरासरी धरली तर एक चौरस मीटर सपाट जागेवर दिवसाला पाचेक युनिट ऊन पडतं. भागाकार करा. उन्हाचा कणही वाया गेला नाही तरी चौरस मीटरमागे आठ लिटरच्या आतच. पण काच थोडं ऊन परत पाठवते, पेटीच्या बाजू उष्णता बाहेर टाकतात, थोडी वाफ फटींतून निसटते. शेवटी हातात येतात दोन ते चार लिटर. यालाच सोलर स्टिल म्हणतात: खाली काळं उथळ भांडं, वर तिरकी काच, काचेच्या आतून ओघळणारं पाणी पन्हळीत.

कल्पना काही नवी नाही. चिलीत लास सालिनासला सोरा-खाणीतल्या माणसांसाठी आणि खेचरांसाठी १८७२ साली असं स्टिल उभारलं. जवळजवळ ४,७०० चौरस मीटर काच, आणि चांगल्या दिवशी सुमारे २२ हजार लिटर पाणी. ते काही दशकं चाललं. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९७८ मध्ये जवळच्या अवानिया गावात दिवसाला ५,००० लिटरचं स्टिल उभारलं होतं. म्हणजे करून पाहिलं नाही असं नाही. चिली आणि गुजरात या दोन प्रकल्पांत शंभरहून जास्त वर्षांचं अंतर आहे, पण चौरस मीटरमागे पाणी तरीही काही लिटरच. कारण वाफेचा भाव निसर्गाने ठरवलाय, त्यात घासाघीस नाही.

आता दुसरी वाट. ऊन पॅनलवर घ्या, विजेने पंप चालवा आणि पाणी आरओच्या पडद्यातून दाबून काढा. समुद्राच्या एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याचा परासरण दाब, म्हणजे क्षार पाण्याला आपल्याकडे ओढून धरतात तो दाब, साधारण २७ बार (एक बार म्हणजे जवळपास हवेचा दाब), म्हणून प्रत्यक्षात ५५ ते ७० बारने दाबावं लागतं. आकडा भीतीदायक वाटतो, पण मोठ्या आधुनिक प्रकल्पात हजार लिटर गोड्या पाण्याला फक्त तीन ते चार युनिट लागतात. इथे पाण्याची वाफ करावी लागत नाही, हीच सगळी बचत. एक किलोवॉटचं पॅनल पाचेक चौरस मीटर जागा घेतं आणि दिवसाला चारेक युनिट देतं. म्हणजे तेवढ्याच जागेत स्टिल ठेवलं तर १५ लिटर, आणि पॅनल-आरओ ठेवला तर हजार लिटर. पॅनल उन्हाचा पाचवा हिस्साच विजेत बदलतं, तरीही.

तर किनाऱ्यावर गोडं पाणी बनवणं अशक्य नाही. विदर्भात आणायचं म्हटलं की गोची होते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे. मध्ये सह्याद्री, इगतपुरीलाच जवळपास ६०० मीटर चढावं लागतं. हजार लिटर पाणी तेवढं उचलायला कागदावर १.६ युनिट, पंपाची गळती धरली की दोनच्या वर. नंतर मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचीच लांबी ७०१ किलोमीटर, तेवढ्या नळातलं घर्षण वेगळं. पाणी गोडं करायला जेवढी वीज, तेवढीच किंवा जास्त ते इथवर आणायला. घरात पेंच धरणाचं पाणी येत असताना हा उद्योग कोण करेल?

रामदासपेठी

वाचतोय. तो संदेश आमच्याही गटावर आला होता. काकूंनी खाली ‘जय विदर्भ’ लिहून पुढे पाठवला.

रसायन_मास्तर

हिशेब बरोबर, पण स्टिलवर थोडा अन्याय झाला. ०.६३ युनिट एकदाच वापरायची असं कुठे आहे? वाफ काचेवर थंड होते तेव्हा ती उष्णता परत सोडते, आणि साध्या स्टिलमध्ये ती हवेत जाते. तीच उष्णता खालच्या थराला दिली तर त्या थरातलं पाणी वाफवता येतं, त्याची वाफ पुढच्या थराला तापवते, आणि असंच पुढे. आखातातले जुने मोठे बाष्पीकरण प्रकल्प याच तत्त्वावर चालतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी आणि शांघायच्या च्याओ थुंग विद्यापीठाच्या लोकांनी दहा थरांचं छोटं उपकरण करून दाखवलं. चौरस मीटरमागे ताशी ५.७८ लिटर. कार्यक्षमता ३८५ टक्के लिहिली होती, आणि लोकांना वाटलं ऊर्जा शून्यातून निर्माण झाली! तसं नाही, एकच उष्णता पुन्हा पुन्हा वापरली.

खरी डोकेदुखी मीठ. पाणी उडालं की मीठ तिथेच बसतं. वातीवर, कापडावर, जिथे बाष्पीभवन होतं तिथेच. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्याच्या शेवटी कूलरच्या जाळीवर जो पांढरा दगड जमतो, तेच. प्रयोगशाळेत दोन दिवस चालणारं यंत्र आणि किनाऱ्यावर दोन वर्षं चालणारं यंत्र यांत हाच फरक.

वेंगुर्ल्याचो

आमच्याकडे समुद्र दारात असा, पण एप्रिल-मे मध्ये विहिरी आटतत. त्यामुळे नागपूरकरांनी आमचं पाणी मागण्याआधी आमका तरी मिळू द्या.

गंमत सोडा. समुद्रातूनच ऊन वापरायची आणखी एक तऱ्हा आहे, तिथे काच नाही आणि पॅनलही नाही. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला २००५ पासून दिवसाला एक लाख लिटरचा प्रकल्प चालतो. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तो उभारला. वरचं पाणी उन्हाने २८ अंशांच्या आसपास तापलेलं असतं. ते कमी दाबाच्या टाकीत सोडलं की त्यातलं थोडं त्याच तापमानाला वाफ होऊन उडतं. ३५० मीटर खोलीवरून आणलेलं बारा-तेरा अंशांचं पाणी ती वाफ थंड करतं. उन्हाचं काम समुद्राने आधीच केलेलं असतं. नंतर मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प झाले. अट एकच: किनाऱ्यापासून जवळच एवढी खोली हवी. प्रवाळ बेटांना ती मिळते. आमच्याकडे उथळ समुद्र लांबवर जातो.

सीताबर्डीकर

@वेंगुर्ल्याचो, हे छान सांगितलंत. त्यालाही निर्वात पंप आणि खोल पाणी उचलायचे पंप लागतात, म्हणजे वीज लागतेच. पण लक्षद्वीपला डिझेल बोटीने जातं, तिथे हिशेब वेगळा.

@रसायन_मास्तर, जाळीचा दाखला पटला.

अनाहूत_पाहुणा

मग दुबईत काय स्वस्तात चाललंय म्हणतात ते?

रसायन_मास्तर

हस्यान प्रकल्प. दिवसाला सुमारे ८१ कोटी लिटर, आरओ, आणि ठरलेला दर हजार लिटरला ०.३६५ डॉलर, म्हणजे तीसेक रुपये. सौरऊर्जेचा आधार आहे, पण तो वाळवंटातल्या सौर पार्कातून ग्रिडमार्गे. रात्री ऊन नसतं आणि आरओच्या पडद्यांना रोज चालू-बंद केलेलं सोसत नाही. एवढ्या पैशाचं यंत्र १६ तास झोपवून ठेवणं कोणाला परवडणार? म्हणून मोठ्या प्रकल्पांत ‘सौर’ किंवा ‘पवन’ म्हणतात तेव्हा अर्थ असतो की प्रकल्प ग्रिडवर २४ तास चालतो आणि तेवढी वीज दुसरीकडे उन्हावर-वाऱ्यावर तयार होते. पर्थजवळचा क्विनानाचा प्रकल्प २००६ पासून असाच चालतो, पवनचक्क्यांच्या बदल्यात. यात फसवणूक नाही. पण समुद्रकिनारी पॅनल लावलं आणि खाली नळाला गोडं पाणी आलं, असं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते पुसा.

वऱ्हाडी_ठेचा

सीताबर्डीकर साहेब, सगळं बराबर हाय, पन तुमी समुद्रात कायले गेले? समुद्र आमच्या हिरीत हाय. मी दर्यापूरकडचा. पूर्णेच्या दोन्ही अंगानं सारा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा, तिन्ही जिल्ह्यात. हिरीचं पानी ढोरंबी तोंड लावून सोडून देतात. शहानूर धरनाचं नळाचं पानी येते, पन रोज येत नाही, मंग लोक कॅन घेतात. आमच्या गावात आरओचं यंत्र बसवलं होतं. चार-पाच महिने चाललं. मंग पडदा बसला, दुरुस्तीले कोनी आलं नाही, आता आत कबुतरं राहून राहिले. वरतून त्याचं वाया जानारं पानी नालीत सोडलं होतं, नाली हिरीजवळून जाते. म्हनजे खारं पानी काढलं, अजून खारं करून परत टाकलं. ऊन तर आमच्याकडे पैशाला पासरी. त्याचं काही होते का ते सांगा.

सीताबर्डीकर

वऱ्हाडी भाऊ, समुद्राच्या हिशेबापेक्षा तुमचा प्रश्न विदर्भाला जास्त जवळचा आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ हजार मिलीग्रॅम क्षार. तुमच्या विहिरीत ३,००० धरू. स्टिलला त्याने फरक पडत नाही: ३५ हजार असो की ३ हजार, वाफ करायला उष्णता जवळपास तेवढीच. पण दाबाने किंवा विजेने क्षार काढायचे असतील तर खर्च क्षारांच्या प्रमाणात उतरतो. तुमच्या पाण्याचा परासरण दाब २७ बारच्या जागी दोनेक बार. हजार लिटरला एक-दीड युनिटमध्ये काम होतं.

विजेने क्षार काढायची पद्धत म्हणजे इलेक्ट्रोडायलिसिस. इथे पाणी पडद्यातून ढकलत नाहीत. विद्युतप्रवाहाने क्षारांचे आयन बाजूला ओढून घेतात. म्हणून क्षार जेवढे कमी तेवढी वीज कमी. समुद्राच्या पाण्याला ही पद्धत महागात पडते, खारपाणाला अगदी मापाची. ध्रुव अधूनमधून उलटे केले की पडद्यावर बसलेला थर सुटतो. २०१५ मध्ये एमआयटी आणि आपल्या जळगावच्या जैन इरिगेशनने मिळून सौरऊर्जेवर चालणारं असं यंत्र तयार केलं होतं. अमेरिकेच्या ‘डिसाल प्राइझ’ स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. ते भारतातल्या खेड्यांतल्या खाऱ्या विहिरी डोळ्यांसमोर ठेवूनच केलं होतं. अलीकडे त्याच एमआयटीच्या गटाने बॅटरीशिवाय चालणारं यंत्र न्यू मेक्सिकोत सहा महिने चालवलं. ढग आला की यंत्र प्रवाह आणि पंप क्षणात कमी करतं, ऊन आलं की वाढवतं. पॅनलच्या विजेपैकी ९४ टक्क्यांहून जास्त वापरात आली. गावातलं यंत्र बहुतेकदा बॅटरीपाशी मरतं, त्यामुळे बॅटरी गेली ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. रात्रीसाठी वीज कशाला साठवायची? दिवसा गोडं पाणीच टाकीत साठवा.

पण तुमच्या नालीचा प्रश्न यातलं कोणतंही यंत्र सोडवत नाही. समजा गावाला दिवसाला १० हजार लिटर पिण्याचं पाणी हवं आणि क्षार ३,००० वरून ५०० वर आणायचे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० हीच इष्ट मर्यादा आहे. म्हणजे लिटरमागे अडीच ग्रॅम, रोज २५ किलो मीठ, वर्षाला नऊ टन. ते कुठेतरी जाणारच. किनाऱ्यावर समुद्र असतो, दर्यापूरला नाही.

काटोलवाला

बाप्पा! नऊ टन?

सीताबर्डीकर

हो. आणि ते घन मीठ म्हणून येत नाही, खाऱ्या पाण्यात विरघळून येतं. आरओने निम्मं पाणी वाया घालवलं तर रोज १० हजार लिटर. इलेक्ट्रोडायलिसिसने ८० टक्के पाणी वाचवलं तर वाया जाणारं अडीच हजार लिटर. पिण्याच्या पाण्यातून काढलेलं मीठ दोन्हीकडे तेवढंच, फक्त दुसऱ्या वेळी कमी पाण्यात जास्त दाट. इथे तुमचं ‘पैशाला पासरी’ ऊन खरं कामाला येतं. शेततळ्याला घालतात तसला जाड कागद अंथरून उथळ तळं करायचं आणि त्यात हे पाणी उडवायचं. मेमध्ये आपल्याकडे उघड्या पाण्याचं रोज १० मिलीमीटरहून जास्त बाष्पीभवन होतं. वर्षाची सरासरी ५ मिलीमीटर धरली तर अडीच हजार लिटरला ५०० चौरस मीटर तळं लागेल आणि १० हजार लिटरला २,०००, म्हणजे अर्धा एकर. त्यावर पाऊस, तोही त्याच तळ्यात पडणार. म्हणून निदान दीडपट जागा धरा. गावात अर्धा-पाऊण एकर कोण देतं ते तुम्हालाच ठाऊक. पण ऐंशी फूट बाय शंभर फुटांचा तुकडा मिळू शकतो. माझ्या मते खारपाणपट्ट्यात वाया जाणारं पाणी कमी करणं हाच निकष हवा. विजेची बचत त्याच्या मागे.

रामदासपेठी

+१. यंत्र बसवताना ‘किती लिटर शुद्ध पाणी’ एवढंच विचारतात. ‘उरलेलं कुठे जाणार’ हे निविदेच्या कागदावर असलं तर निम्मे प्रकल्प तिथेच थांबतील.

काटोलवाला

माझा वेगळा प्रश्न. माझा संत्र्याचा बाग आहे. समजा उद्या किनाऱ्याकडून गोडं पाणी स्वस्तात मिळालंच, तर ते बागेला चालेल का? मीठ तर निघालेलं असेल.

रसायन_मास्तर

मीठ निघतं, बोरॉन पूर्ण निघत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला साडेचार-पाच मिलीग्रॅम बोरॉन असतं. ते बोरिक आम्लाच्या रूपात असतं, त्यावर विद्युतभार नसतो, म्हणून आरओच्या पडद्यातून थोडं निसटतं. एका फेरीनंतर एक मिलीग्रॅमच्या आसपास उरतं. माणसाला त्याने काही होत नाही, पण लिंबूवर्गीय झाडांना अर्ध्या मिलीग्रॅमच्या वर गेलं की त्रास सुरू होतो. पानांची टोकं पिवळी पडून जळतात. इस्राएलमध्ये असं पाणी शेतीकडेही जातं, म्हणून २००५ साली सुरू झालेल्या अश्कलोनच्या प्रकल्पात बोरॉनसाठी पाण्याचा सामू वाढवून त्याला पुन्हा पडद्यातून काढावं लागतं. शिवाय त्या पाण्यात मॅग्नेशियम जवळजवळ नसतंच, त्याचाही पिकांना फटका बसला. तेव्हा संत्र्यासाठी तुमची विहीरच बरी.

काटोलवाला

बरं झालं विचारलं जी. धन्यवाद.

मिहानमधला

नागपूरसाठी समुद्र शोधायचा असेल तर तो भांडेवाडीला आहे. हसू नका. शहराचं सांडपाणी. त्यात क्षार साधारण हजार मिलीग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे समुद्राच्या तीसेक पटींनी कमी, आणि पाणी शहरातच, घाट चढायला नको. भांडेवाडीला कोराडीच्या वीजकेंद्रासाठी दिवसाला १३ कोटी लिटरचा प्रक्रिया प्रकल्प आहेच. वीजकेंद्राने सांडपाणी घेतलं की तेवढं पेंचचं पाणी नळाला उरतं. हे आपल्याकडे खूप आधी सुरू झालंय, पण त्याचा संदेश कोणी फिरवत नाही. शेजारच्या नाल्याचं पाणी म्हटलं की लोक नाक मुरडतात, अरबी समुद्राचं म्हटलं की अंगावर शहारा येतो.

वेंगुर्ल्याचो

मुंबईत मात्र मनोरीला समुद्राच्या पाण्याचा प्रकल्प ठरलाय. दिवसाला २० कोटी लिटर, पुढे ४० पर्यंत नेता येईल असा.

मिहानमधला

मुंबई समुद्रावरच आहे, तिथलं गणित वेगळं. चेन्नईनेही मिंजूर आणि नेम्मेलीला असे प्रकल्प केलेत. किनाऱ्यावरच्या शहराने नक्की करावं, कारण पाऊस चुकला तरी समुद्र चुकत नाही.

अनाहूत_पाहुणा

मग सोलर स्टिल भंगारात का? मुलीला शाळेच्या प्रदर्शनासाठी करायचं होतं.

रसायन_मास्तर

अजिबात नाही. जिथे दिवसाला पाच-दहा लिटरच लागतं, तिथे त्याच्यासारखं काही नाही. पंप नाही, पडदा नाही, बिघडायला काही नाही. बॅटरीत घालायचं ऊर्ध्वपातित पाणी, शाळेची प्रयोगशाळा, एखादं लहान आरोग्य केंद्र. फ्लोराइडच्या पट्ट्यातही एका कुटुंबापुरतं पिण्याचं पाणी निघतं, कारण क्षार असो, फ्लोराइड असो की नायट्रेट, सगळं तळाशी राहतं. फ्लोराइडवर आपल्या नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेची नलगोंडा पद्धत आहे, तुरटी आणि चुन्याची, ती स्वस्त, पण त्याने खारेपणा जात नाही.

मुलीला सांगा: काचच वापरायची, प्लास्टिकचा कागद नको. काचेवर पाण्याचा सलग पातळ थर बनून ओघळतो. प्लास्टिकवर थेंब राहतात, ते ऊन परतवतात आणि परत भांड्यातच टपकतात. काचेला १५-२० अंशांचा उतार द्या, भांडं आतून काळं, पाणी बोटभर खोल, त्याहून जास्त नाही. सांधे सिलिकॉनने बंद करा आणि पहिल्या काही दिवसांचं पाणी फेकून द्या, त्याला वास येतो. सकाळी फारसं काही दिसणार नाही. दुपारनंतर जोर धरतं आणि सूर्य मावळल्यावरही काही वेळ थेंब पडत राहतात.

वऱ्हाडी_ठेचा

मास्तर, साहेब, लय उपकार. ग्रामसभेत विषय मांडतो. पन तिथं पयला प्रश्न येईन: आपल्या पान्यात हाय तरी काय? ते कुठून काढू?

सीताबर्डीकर

जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथे द्या. फक्त ‘टीडीएस’, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा एकूण आकडा, मागू नका. कठीणपणा, सोडियम, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड आणि जमलं तर सिलिका. पडदा लवकर बसतो तो बहुतेकदा कठीणपणामुळे आणि सिलिकामुळे, निव्वळ मिठामुळे नाही. तुमच्या आधीच्या यंत्राचं काय झालं असेल याचा अंदाजही त्यावरून येईल. आणि नमुना दोनदा घ्या, एकदा मेमध्ये आणि एकदा पावसाळ्यानंतर; खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं. यंत्र मेच्या पाण्यासाठी मापायचं.

वऱ्हाडी_ठेचा

सोमवारी घेऊन जातो. बाटली काचेची पायजे का?

रसायन_मास्तर

प्लास्टिकची घ्या. फ्लोराइडसाठी तीच बरी, काचेत आकडा चुकतो. त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, गाव आणि तारीख बाटलीवर लिहा, आणि उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्याच दिवशी पोचवा, नाहीतर नायट्रेटचा आकडा विश्वासाचा राहणार नाही. अहवाल आला की इथेच टाका, मिळून बघू.